वेग जातो कुठे?

(नांदगाव खंडेश्वर इथे तरुण आणि पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



बाहेरच्या मुलांना एक विनंती. आत या. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि आजचं भाषण तुमच्यासाठीच आहे. नाही आलात तरी चालेल, फक्त गाडी चालू ठेवू नका, तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

मी २८ वर्षं विज्ञान शिकवलं. नववीच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, तिचं एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर होतं. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं याचा हिशोब नाही. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची, दोन गुण घ्यायची. मीही खूश, तीही खूश. या वाक्याचा आपल्या रस्त्याशी काही संबंध आहे हे मी एकाही वर्गात नीट सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते पुढे येईल.

आधी मोट. इथे साठीच्या पुढचे किती जण आहेत? हात वर करा. बघा, त्यांना मोट माहीत आहे, बाकीच्यांनी फक्त शब्द ऐकला असेल. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचे. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून नाडा, नाड्याच्या एका टोकाला चामड्याची मोट आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी. विहिरीपासून पुढे बैलांना चालायला जी वाट असायची तिला धाव म्हणत. ती सपाट नसायची, उतरती असायची. मोट भरली की बैल उतारानं खाली जायचे आणि मोट वर यायची. थारोळ्यात पाणी पडायचं, पाटाला लागायचं. मग बैल मागे मागे, पाठीकडून चढ चढत, पुन्हा विहिरीजवळ.

लहानपणी मी दादांना विचारलं होतं, धाव उतरती काहून ठेवली? ते म्हणाले, बैलाचं वजन कामाले येते. म्हणजे बैल उतारावर फक्त पायानं ओढत नाही, अंगाचा भारही नाड्यावर टाकतो. मी म्हटलं, मग तर फुकटच झालं! ते हसले. म्हणाले, फुकट कायचं, उतारानं जे देलं ते चढ वसूल करते. बैलाचं वजन वर नेलं कोणी? बैलानंच. आणि बैलाले ते बळ देलं कडब्यानं आन् ढेपेनं. दादा शाळेत गेले नव्हते. पण नियम त्यांना पूर्ण माहीत होता, आणि तो त्यांनी पुस्तकातून नाही, बैलाच्या खांद्यावरून वाचला होता.

मी आज मोटेलाच माप करणार आहे. ज्यूल वगैरे शब्द मी वर्गात वापरले, त्याचा काही उपयोग झाला नाही. समजा मोटेत १५० लिटर पाणी आहे आणि विहीर १० मीटर खोल आहे. एवढं पाणी वर आणायला जी ऊर्जा लागते तिला आपण ‘एक मोट’ म्हणू. जोडीचे दोन बैल, एक फेरी, एक मोट.

आता तुमची मोटारसायकल. गाडी ११० किलोची, वर दोन माणसं ७०-७० किलोची, एकूण २५० किलो. ही गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली आहे. तिच्यात गतीच्या रूपानं किती ऊर्जा आहे? गणित केलं तर जवळजवळ बरोबर एक मोट. दोन बैलांनी विहिरीतून ओढलेली भरलेली मोट तुमच्या ४० च्या वेगात आहे.

वेग ८० केला. दुप्पट वेग, तर दोन मोटा? मागून कोणीतरी ‘दोन’ म्हणालं. वर्गातही हेच व्हायचं. दोन नाही, चार. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. ६० ला सव्वादोन मोटा. ८० ला चार. आणि ज्यांच्याकडे ती मोठ्या टाकीची, वाकून चालवायची गाडी आहे, तिच्यावर दोघं १२० नं गेले तर नऊ. गाडीवर तीन जण असले तर वजन वाढलं, ६० लाच जवळजवळ तीन मोटा झाल्या.

हा वर्ग आला कुठून, असा प्रश्न एखाद्या मुलीला पडायला हवा. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठ्या मोठ्या विद्वानांत यावर भांडण होतं. एक पक्ष म्हणायचा, हलत्या वस्तूचं बळ वेगाच्या पटीत मोजा. दुसरा म्हणायचा, वेगाच्या वर्गाच्या पटीत. १७२२ च्या सुमारास हॉलंडमधल्या स्ग्राव्हेसान्डे नावाच्या प्राध्यापकानं पितळी गोळे उंचावरून मऊ चिकणमातीत टाकले आणि खड्डे मोजले. एमिली द्यू शातले या फ्रेंच बाईंनी १७४० साली आपल्या पुस्तकात या प्रयोगाचं महत्त्व ओळखून वर्गाची बाजू मांडली. न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर करणारी ही बाई, जिला त्या काळातल्या विज्ञान अकादमीत सभासद म्हणून प्रवेश नव्हता. आपल्याकडे मुलीला विज्ञान कशाला असं म्हणणारे अजून आहेत, म्हणून नाव मुद्दाम घेतलं.

हा प्रयोग करायला हॉलंडला जायची गरज नाही. हे घमेलं बघा. यात आपली काळी माती भिजवून मळली आहे, पोळ्याच्या बैलासाठी मळतात तशी. ही बेअरिंगमधली लोखंडी गोळी. ही मी अर्ध्या मीटरवरून सोडतो. आता खुर्चीवर चढून दोन मीटरवरून. (इथे प्रयोग करून दाखवला.) दुसरी गोळी चौपट उंचीवरून पडली, पण मातीला लागताना तिचा वेग पहिल्यापेक्षा फक्त दुप्पट होता. काडीनं मोजा, खोली जवळजवळ चौपट आहे. मातीला तुमचा स्पीडोमीटर दिसत नाही. तिला मोटा कळतात.

आता असली गोष्ट. गाडी चालली आहे, तिच्यात सव्वादोन मोटा आहेत, आणि थांबायचं आहे. गाडी थांबली तर त्या मोटा गेल्या कुठे? नष्ट होता येत नाही म्हणतो ना आपण! ब्रेक दाबला की ब्रेकशू ड्रमला घासतात आणि सगळा वेग उष्णता होतो. ६० च्या वेगातून एकदा थांबलात तर जी उष्णता तयार होते ती एक कपभर पाण्याला उकळी आणायला पुरेशी आहे. एक कप चहाचं पाणी. आणि तो वेग गाडीत भरायला इंजिननं जाळलं किती? साधारण एक चमचा पेट्रोल.

एवढंच! मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मलाही वाटलं, काहीतरी चुकलं. माणसाला मारणारी गोष्ट एक चमचा पेट्रोल आणि एक कप चहाएवढी? हो, एवढीच. प्रश्न किती आहे याचा नाही, कुठे जाते आणि किती वेळात जाते याचा आहे. ब्रेकच्या ड्रमात तीन-चार सेकंदांत सावकाश गेली तर ड्रम गरम होतो, बाकी काही नाही. मागचं चाक जाम करून घसरत थांबलात तर टायरमध्ये आणि डांबरात गेली, ते काळे पट्टे तिचेच. आणि ब्रेक लागायच्या आधीच समोर काही आलं, तर ऊर्जा तिथे थांबून विचारत नाही की आता कुठे जाऊ. तिला जे मिळेल त्यात ती जाते. हँडल वाकवण्यात, फोर्क मोडण्यात, आणि मांडीचं हाड मोडण्यात.

आपल्या लोकांना या नियमाची अर्धी बाजू चांगली कळते. फुकट काही मिळत नाही, ही बाजू. तीही सहज कळली नाही म्हणा. आपल्या महाराष्ट्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते भास्कराचार्य, चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत एका चाकाचं वर्णन आहे. पोकळ आऱ्या, त्यांत अर्धा अर्धा पारा, आणि चाक एकदा फिरवलं की आपोआप फिरत राहील. पुढे अशा चाकांची वर्णनं अरबी हस्तलिखितांत येतात, तेराव्या शतकात फ्रान्समध्येही एकानं असं चाक काढून ठेवलं. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, सगळ्यांनी एकच स्वप्न पाहिलं, आणि चाक कोणाचंच फिरत राहिलं नाही. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं जाहीर करून टाकलं की असली यंत्रं आम्ही यापुढे तपासणारच नाही. भास्कराचार्य लहान झाले का? अजिबात नाही. त्यांच्या लीलावतीचं फारसी भाषांतर अकबराच्या दरबारात फैजीनं केलं, बीजगणिताचं शहाजहानच्या काळात अताउल्ला रुश्दीनं. मोठा माणूसही एका ठिकाणी चुकतो, एवढंच. आजही कोणी पाण्यावर चालणारी गाडी किंवा बिनइंधनाचं जनरेटर विकायला आलं, तर पैसे देण्याआधी दादांचं वाक्य आठवा.

पण मी म्हणतो ती दुसरी बाजू. फुकट काही मिळत नाही हे आपण मान्य केलं. फुकट काही संपतही नाही, हे मात्र केलं नाही. ॲक्सिलरेटर पिळला, वेग आला, मजा आली, आणि नंतर तो वेग आपोआप कुठेतरी विरून जाईल अशी आपली समजूत आहे. तो विरत नाही. एकदा गाडीत भरलेली मोट कुठेतरी ओतावीच लागते.

इथल्या खंडेश्वराच्या देवळाचे दगड बघा. यादवांच्या काळात कोणीतरी ते वर चढवले. ज्या मजुरांनी चढवले त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण त्यांनी घाम गाळून जी ऊर्जा त्या दगडांत घातली ती सातशे वर्षांनंतर आजही तिथेच आहे, एक कणही कमी झालेली नाही. दगड पडेल त्या दिवशी ती सगळी खाली येईल. ऊर्जेचा हिशोब असा असतो. त्यात उधारी माफ होत नाही.

उंचीचं निघालंच आहे तर तेही सांगतो. एखादी वस्तू उंचावरून पडते तेव्हा तिला वेग येतो. उलट बाजूनं विचारा: ४० चा वेग यायला किती उंचीवरून पडावं लागेल? सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून. ६० साठी १४ मीटर, चार मजली इमारत. ८० साठी २५ मीटर. १२० साठी साडेछप्पन मीटर. दौलताबादच्या किल्ल्यात पंधराव्या शतकातला चांद मिनार आहे, तो साधारण ६३ मीटर उंच आहे. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर कारला वेगाची मर्यादा १२० आहे. म्हणजे कायद्यानं परवानगी असलेल्या वेगातच कारमधला माणूस जवळजवळ चांद मिनाराच्या माथ्यावर बसलेला असतो. तिथून खाली यायचे दोन रस्ते आहेत. एक जिना, त्याला ब्रेक म्हणतात. दुसरा आपल्याला माहीत आहे. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, ती योग्यच आहे, तरी रात्री कुंपणातून गाडी घालणारे बहाद्दर आपल्यातच आहेत, मला सगळं कळतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती नागपूरहून पुण्याकडे निघालेली होती. आपल्यापैकी कोणीही त्या बसमध्ये असू शकलं असतं.

आता जिना किती लांब आहे ते बघू. समोर काही दिसलं की ब्रेक लगेच लागत नाही. डोळ्यानं पाहायचं, मेंदूनं समजायचं, हातापायानं दाबायचं, यात सावध माणसाचाही एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात ४० ची गाडी ११ मीटर पुढे जाते, ६० ची जवळजवळ १७. त्यानंतर ब्रेक. कोरड्या, चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरला, ४० ची गाडी आणखी ९ मीटरांत थांबते. एकूण २० मीटर. ६० च्या गाडीला ब्रेक लागल्यावर २० मीटर लागतात, एकूण ३७.

हे आकडे नका लक्षात ठेवू. एक चित्र लक्षात ठेवा. दोन मित्र शेजारी शेजारी चालले आहेत, एक ४० नं, एक ६० नं. दोघांनाही एकाच क्षणी समोर २० मीटरवर कापसानं भरलेली उभी ट्रॉली दिसली. दोघांनी सारख्याच चपळाईनं ब्रेक मारला. ४० चा मित्र ट्रॉलीला टेकता टेकता थांबला. घाबरला, शिव्या दिल्या, घरी गेला. ६० चा मित्र त्याच जागी किती वेगात असेल? लोक म्हणतात, २० तरी असेल, कारण ६० वजा ४०. मी कॉलेजच्या मुलांनाही विचारून पाहिलं आहे, बहुतेक जण २० च म्हणतात. खरं उत्तर ५५ आहे. पंचावन्न! कारण त्याचे १७ मीटर विचार करण्यातच गेले, ब्रेकला उरले जेमतेम तीन-साडेतीन मीटर, आणि तेवढ्यात सव्वादोन मोटांपैकी फारच थोडं पाणी ओतून झालं होतं.

आणि हे कोरड्या रस्त्यावर. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते. तिच्यावर पकड निम्मी झाली तर ब्रेकचं अंतर दुप्पट. आपल्या भागात कोणालाही हे सांगावं लागत नाही, चपलेनं चालतानाही आपण सांभाळतो. गाडीवर बसलो की विसरतो.

मी पुढे सांगतो म्हटलं होतं, ते आता सांगतो. माझा एक विद्यार्थी होता. नाव घेत नाही. नववीत ‘वेग दुप्पट केल्यास गतिज ऊर्जा किती पट होईल’ हे उदाहरण मी फळ्यावर घातलं आणि ते पहिल्यांदा त्यानं सोडवलं. खडू हातात घेऊन, सगळ्यांकडे बघून, चारपट सर. सहा वर्षांनी एका लग्नाहून रात्री परत येताना तो मोटारसायकलवर होता, मागे दोन मित्र. हेल्मेट कोणालाच नव्हतं. रस्त्यात ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रेडियम नाही, काही नाही. मागचे दोघे वाचले. त्यातल्या एकाच्या पायात आजही सळई आहे. तो आज इथे आहे, त्याला विचारूनच मी हे बोलतोय.

दोष ट्रॉलीवाल्याचा होता का? होताच. रात्री रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली उभी करणं हा गुन्हा आहे आणि मी ते हजारदा म्हणेन. पण ऊर्जेचा नियम पंचनामा करत नाही. चूक कोणाची हे तो पाहत नाही. किती मोटा होत्या आणि त्या किती जागेत ओतल्या गेल्या, एवढंच पाहतो.

जनाज्याला मी गेलो. त्याच्या अब्बांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “सर, उसका टाइम आ गया था.” मी मान हलवली. मीही म्हणालो, अल्लाह की मर्ज़ी. दुसरं काय म्हणणार? त्या बापाच्या समोर सूत्र सांगायचं नसतं. आजही मला वाटतं, त्या दिवशी मी जे बोललो ते बरोबरच बोललो. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. कारण ते वाक्य मला स्वतःला सोडवत होतं. टाइम आला होता म्हटलं की मी सुटलो, ट्रॉलीवाला सुटला, गाडी घेऊन देणारे सुटले, लग्नात रात्री बारापर्यंत मुलांना थांबवून घेणारे सुटले. त्याला उत्तर येत होतं. मी त्याला गुण दिले होते. त्या चारपटचा अर्थ त्याच्या गाडीवर बसून मी कधी सांगितला नव्हता.

इथे काही आलिम मंडळी बसली आहेत, मी त्यांच्यापुढे दीनचं बोलणार नाही. एकच आठवण करून देतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असं एकानं पैगंबरांना विचारलं होतं, आणि आधी बांध, मग भरवसा ठेव, असं त्याला सांगितलं गेलं. ही हदीस आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. आपण ती दुकानाच्या कुलपाला लावतो, शेताच्या कुंपणाला लावतो. गाडीच्या ब्रेकला लावत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी एकोणिसाव्या शतकात हेच मांडलं होतं की निसर्ग ही ईश्वराची कृती आणि ग्रंथ ही त्याची वाणी, या दोघांत भांडण असू शकत नाही. त्यांच्यावर त्या काळी किती टीका झाली ते वेगळं. पण मग वेगाचा वर्ग ही कोणाची मर्जी आहे? जो हा नियम बिनबदलाचा ठेवतो त्याचीच ना? नियम पाळणं हेही त्याची मर्जी मानणंच आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर मौलाना साहेबांनी नंतर दुरुस्त करावं.

हेल्मेटचं थोडक्यात. लोकांना वाटतं, हेल्मेट कडक असतं म्हणून वाचवतं. कडक भाग आहेच, पण असली काम आतल्या थर्माकोलसारख्या थराचं आहे. उभ्या गाडीवरून माणूस नुसता पडला तरी डोकं दीड मीटरवरून खाली येतं आणि जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. डोक्याचं वजन पाच किलो धरा. ही ऊर्जा कवटीनं अडीच मिलिमीटरांत झेलली तर सरासरी भार तीन टन. तीच ऊर्जा थर्माकोलनं अडीच सेंटिमीटर दबून झेलली तर ३०० किलो. ढोबळ हिशोब आहे, पण दहापटीचा फरक खरा आहे. थर्माकोल दबतं आणि पुन्हा फुगत नाही, ऊर्जा त्यात मुरली. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद. आणि रस्त्याच्या कडेला मिळणारी ती नुसती प्लॅस्टिकची टोपी, आत स्पंजचा तुकडा, ती पोलिसापासून वाचवते, जमिनीपासून नाही. आयएसआयचा शिक्का बघूनच घ्या.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात हेल्मेट नसलेली ५०,०२९. आणि त्या ५०,०२९ मध्ये १४,३३७ मागे बसलेली होती. मागे कोण बसतं आपल्याकडे? आई, बायको, बहीण. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर, ओढणी किंवा बुरख्याचं टोक चाकाजवळ. चालवणाऱ्याकडे निदान हेल्मेट अडकवलेलं असतं, तिला कोणी विचारतही नाही. मागे बसणाऱ्याच्याही अंगात तेवढाच वेग असतो. ६० ची गाडी थांबली तरी बाई ६० नंच पुढे जाते, तिच्या वाट्याच्या मोटा तिच्याच अंगात आहेत. बुरख्यावर हेल्मेट कसं दिसेल, असं एका बहिणीनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, नवं दिसेल. पहिला महिनाभर लोक बघतील.

मघाशी चिठ्ठी आली आहे, वाचतो. ‘सर, रस्ता रिकामा असेल तर वेगानं काय होते?’ प्रश्न चांगला आहे आणि तो विचारणारा नक्की गाडीवाला आहे. रस्ता खरंच रिकामा असेल तर काहीच होत नाही, हवा आणि टायर तुझा वेग हळूहळू खातील आणि तू पेट्रोल भरत राहशील. पण आपल्या रस्त्यावर रानडुक्कर कधी येते ते रानडुकरालाही माहीत नसते. नीलगाय, म्हणजे आपली रोही, ती तर दिव्याकडे बघत उभी राहते. रस्ता रिकामा आहे हे तुला किती मीटरपर्यंत दिसतं, तेवढ्याच मीटरांत थांबता येईल एवढा वेग ठेव. रात्री तुझ्या गाडीचा दिवा ४० मीटरच नीट दाखवत असेल तर ६० च्या वर तू आंधळा चालवतोयस. हे स्वतः करून बघ. आज रात्रीच, मैदानात, गाडी उभी करून दिवा लाव आणि समोर काळा कपडा धरून मित्राला मागे मागे जायला सांग. तो दिसेनासा झाला की पावलं मोज.

बास, माझा वेळ संपला, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. मंडपाच्या दाराशी टेबलावर लाल रेडियम पट्टीची गुंडाळी ठेवली आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर, ट्रॉली, बैलगाडी आहे त्यांनी जाताना दोन-दोन हात कापून घ्या, पैसे नाहीत. बाहेरच्या रस्त्यावर मुलांनी चुन्यानं दोन रेघा मारल्या आहेत, एक २० मीटरवर, एक ३७ मीटरवर. गाडी न काढता, आधी पायी जाऊन बघून या.